चव्वेचाळीस फूट दहा

आमच्या कोल्हापुरात पुराचं पाणी मीटरमध्ये मोजत नाहीत. सरकारी कागदावर असेल काय असेल ते, पण माणसांच्या तोंडात फूट आणि इंच. पावसाळ्यात रिक्षावाल्याला विचारा, मंडईत भाजीवालीला विचारा, "एकोणचाळीस सात" असं उत्तर येतं. फूट आणि इंच हे शब्दही कुणी उच्चारत नाही. हे सगळ्यांच्या इतकं अंगात मुरलंय की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं, आणि मी तर आकड्यांवर पोट भरणारी बाई.

मी एम.फिल. करत होते तेव्हा आमच्या डिपार्टमेंटमध्ये कॉम्प्युटरची एक खोली होती. तिथे एसी होता, आणि तो माणसांसाठी नव्हता. चपला दाराबाहेर काढाव्या लागत, देवळातही नसेल इतकी शिस्त. पावसाळ्यात बाहेर ओल्या चपलांचा ढीग आणि आत आम्ही अनवाणी पायांनी कुडकुडत फोरट्रान लिहीत बसलेलो. प्रोग्रॅममध्ये एक स्वल्पविराम चुकला की दुपार वाया जायची. आमचे गाइड असलेले सर मागून यायचे, खांद्यावरून वाकून बघायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ लावण्यात आमची निम्मी अक्कल खर्ची पडली.

प्रिंटरमधून कागदाची लांबच लांब पट्टी यायची, दोन्ही कडांना भोकं असलेली. काम झालं की सर ते कागद घरी न्यायचे आणि त्यांच्या बायको त्याचे पुडे करून आम्हाला भडंग द्यायच्या. भडंग संपलं की आम्ही तेलकट पुडा उलगडून आपलाच जुना प्रोग्रॅम वाचायचो आणि हसायचो. फोरट्रान म्हटलं की माझ्या नाकात अजून लसणाचा वास येतो.

सरांचा स्वतःचा एक प्रोग्रॅम होता. त्याचं नाव 'पूर'. वरच्या अंगाच्या गावातली नदीची पातळी, शहराजवळच्या बंधाऱ्यावरची पातळी आणि धरणातून सोडलेलं पाणी हे त्याला दिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्यावर पाणी किती असेल ते तो सांगायचा. सरांनी आयुष्यात पेपर वगैरे लिहिले, पण जीव होता तो 'पूर'मध्ये. आणि त्याचं कारण त्यांची गल्ली. नदीकडे उतरणारी ती गल्ली, चढावर चार पावलांवर तालीम, आणि सरांच्या समोरच म्हशीवाल्या आक्कांचं घर. आक्कांचा गोठा घरामागे उताराला. बंधाऱ्यावर पंचेचाळीस फूट झाले की गोठ्यात पाणी शिरतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे पाणी चढायला लागलं की संध्याकाळी सरांच्या दारात चपला गोळा व्हायच्या. "सर, उद्या किती येतंय?" सर घरच्या मशीनवर आकडे टाकायचे आणि सांगायचे. लोक त्या आकड्यावर म्हशी हलवायचे, पेंडीची पोती माळ्यावर चढवायचे किंवा निवांत झोपायचे. मी ते पाहिलंय. शास्त्राचा इतका सरळ उपयोग मी नंतर कुठेच पाहिला नाही.

मग तो मोठा पूर आला. त्या संध्याकाळी 'पूर'नं सांगितलं, उतार लागलाय, सकाळी पाणी कमी होईल. सरांनी तसं सांगितलं. गल्ली झोपली. पहाटे आक्कांच्या गोठ्यात गुडघाभर पाणी होतं. म्हशी लोकांनी कशाबशा बाहेर काढल्या, पण दावणीला बांधलेलं महिन्याभराचं रेडकू गेलं. सरांच्या घरातही पाणी शिरलं आणि खालच्या कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्या चिखलात गेल्या. 'पूर'चा मूळ मजकूर, म्हणजे सरांनी फोरट्रानमध्ये लिहिलेल्या ओळी, त्याच फ्लॉप्यांवर होत्या.

आक्का काही बोलल्या नाहीत. गल्लीतलं कुणीच काही बोललं नाही, आणि कोल्हापुरात माणूस गप्प बसतो म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पुढच्या पावसाळ्यापासून सरांच्या दारात चपला दिसेनाशा झाल्या. मी एकदा विषय काढला तर सर म्हणाले, "माझं गणित खोटं निघालं. ज्या गणितावर विश्वास ठेवून कुणाचं जनावर जातं, त्याचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस." मी काढलं नाही. नंतर त्यांच्या बायको गेल्या, गुडघे गेले, मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. सर निवृत्त होऊन त्याच घरात एकटे राहिले. दर पावसाळ्यात खिडकी लावून बसायचे.

मधल्या काळात मी कॉलेजात शिकवायला लागले, फोरट्रान सुटलं, पायथन आलं. दोन पावसाळ्यांपूर्वी कपाट आवरताना एक सीडी सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पूर'. एम.फिल.च्या वेळी सरांनी मला त्याची प्रत दिली होती. पण मूळ मजकुराची नव्हे, तर यंत्राच्या भाषेत रूपांतर करून ठेवलेली. चालवता येते, वाचता येत नाही. वाचायला गेलं तर नुसता कचरा दिसतो.

ती सीडी हातात धरून मी खाली बसले आणि मला रडू आलं. सरांनी आयुष्यात एकच गोष्ट अशी केली होती जी लोकांच्या दारापर्यंत गेली, आणि ती खोटी होती असं मानून ते म्हातारे झाले होते. मला ते सहन होत नव्हतं. 'पूर' खोटा की खरा ते मला एकदा तपासायचं होतं, आणि तेही सर आहेत तोवर.

कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, नवीन लिहा की. एआय दहा मिनिटांत देतंय." मी म्हटलं, नवीन खरा निघाला म्हणून जुना खरा ठरत नाही. त्याला ते कळलं नाही. उंटावरच्या शहाण्यांना हल्ली उंटही फुकट मिळतो.

माझ्या माहेरी, पेठ वडगावकडे, गुऱ्हाळ होतं. तिथला गुळव्या कढईपाशी कुणाला उभं करायचा नाही. गूळ कसा होतो हे त्याला विचारून उपयोग नसायचा. त्याला रस द्यायचा, जळण द्यायचं, तो म्हणेल त्या क्रमानं द्यायचं आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. मग वेळेला गूळ मिळतो. जुन्या तयार प्रोग्रॅमला पायथनमधून हाक मारणं तसंच आहे. आत काय शिजतं ते बघायचं नाही, त्याचे मानपान तेवढे सांभाळायचे.

मानपान पुष्कळ निघाले. माझा नवा लॅपटॉप त्याला ओळखच देईना, कारण 'पूर' जुन्या काळच्या लहान मापाच्या, बत्तीस बिटांच्या मशीनसाठी बांधलेला. त्याच्यासाठी जुन्या मापाचं पायथन वेगळं आणून बसवलं. मग नावानं हाक मारली तर उत्तर नाही. खोदून पाहिलं तेव्हा कळलं, फोरट्राननं नावामागे एक अंडरस्कोअर चिकटवून ठेवलाय, तो म्हटल्याशिवाय वळून बघत नाही. पुढे, पायथनवाले आकडा सरळ हातात देतात. याला आकडा नको, आकडा ठेवलेल्या जागेचा पत्ता हवा, स्वतः जाऊन बघणार. एवढं सगळं करून हाक मारली, तर पायथनच बंद पडलं. चूक झाली असं म्हणत नाही, कुठे झाली ते सांगत नाही. मान राहिलेल्या पावण्यासारखं न जेवता उठून गेलं.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळत होतं. कुठली वस्तू आधी द्यायची आणि कुठली नंतर, तो क्रम मला माहीत नव्हता. मूळ मजकूर असता तर पहिल्याच ओळीत दिसला असता. तो तर चिखलात गेला होता. आता तो क्रम एकाच माणसाच्या डोक्यात उरला होता.

मी सरांकडे गेले. पाऊस लागून राहिला होता, नदी चढत होती, सरांची खिडकी बंद होती. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि काय करतेय ते सांगितलं. सर म्हणाले, "कशाला उकरून काढतेस?" मी लॅपटॉप उघडला. नुसतं पुटपुटत टाइप करायला लागले, मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं. "आधी विसर्ग... मग पातळ्या... मग किती तास..."

"चूक," सर म्हणाले.

मी बोटं थांबवली.

"आधी किती नोंदी आहेत तो आकडा. मग वेळ. मग पातळ्या. विसर्ग त्यानंतर. उत्तर शेवटी. तुला एम.फिल. कुणी दिलं?"

"तुम्हीच, सर."

"हं," सर म्हणाले. कितीतरी वर्षांनी तो "हं" ऐकला आणि मला बरं वाटलं.

चाचणीपुरते आकडे त्या क्रमानं दिले तर 'पूर' चालला. पहिलं उत्तर आलं ते असं की नदी उलटी वाहतेय. सर खुर्ची ओढून जवळ आले. मीच कपाळावर हात मारला. पातळ्यांचं कोष्टक पायथन आडवं वाचतं आणि फोरट्रान उभं. दोन गावांच्या पातळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. ते उलटवलं आणि नदी सुलट वाहायला लागली. सर चष्मा पुसत म्हणाले, "आजची पातळी घाल." आणि स्वतःहून त्यांनी मोबाइल उघडला. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंधाऱ्याची पातळी तासातासाला येत होती. म्हणजे खिडकी लावून बसणारा माणूस रोज ती वाचत होता.

सर वाचत गेले, मी टाइप करत गेले. "एक्केचाळीस नऊ. एक्केचाळीस दहा. एक्केचाळीस अकरा. बेचाळीस." मी टाकलं, ४१.९, ४१.१०, ४१.११, ४२. आणि आकडे नीट गेलेत ना म्हणून पडद्यावर परत दाखवायला सांगितले.

पडद्यावर आलं, ४१.९, मग ४१.१.

सर वाकून बघत होते. "ते एक कुठून आलं? दहा होतं ना?"

"शेवटचं शून्य पायथन गाळतं, सर. पॉइंट दहा म्हणजे पॉइंट एकच..." असं म्हणता म्हणता माझी जीभ थांबली. बाहेर नदी इंचाइंचानं चढत होती आणि माझ्या पडद्यावर ती तासाभरात पाऊण फूट उतरली होती. 'पूर'ला हवे होते दशांशातले फूट. आम्ही दोघांनी, दोन गणितवाल्यांनी, अस्सल कोल्हापुरी तोंडानं आलेले इंच पॉइंटच्या पुढे तसेच ठेवून दिले होते.

मी हसले. सर हसले नाहीत. ते टेबलाची कड धरून बसले होते.

"त्या दिवशी शेवटची पातळी चव्वेचाळीस दहा होती," सर म्हणाले. "बंधाऱ्यावरून फोन आला. दारात माणसं उभी. इकडे फोन कानाला, तिकडे हात कीबोर्डवर. जसं ऐकलं तसंच टाकलं, नेहमीसारखंच."

लोकांना मुलांचे वाढदिवस पाठ असतात, सरांना त्या संध्याकाळच्या पातळ्या पाठ होत्या. इतकी वर्षं ते त्या मनात घोळवत होते आणि चूक गणितात शोधत होते. त्रेचाळीस आठ, चव्वेचाळीस दोन, चव्वेचाळीस सहा, चव्वेचाळीस दहा. वरच्या गावाच्या, विसर्गाच्या, सगळ्या नोंदी त्यांनी डोळे मिटून सांगितल्या. आधी मी त्यांनी त्या दिवशी टाकल्या तशाच टाकल्या. 'पूर' म्हणाला, उतार लागलाय. अगदी तेच उत्तर. मग इंचांना बारानं भागून नीट फूट करून टाकले. शेवटचा आकडा झाला ४४.८३. 'पूर'नं उत्तर दिलं, सकाळी ४६.४२.

सर पुटपुटले, "शेहेचाळीस फूट पाच इंच. गोठ्यात दीड फूट. गुडघाभर."

आक्कांच्या गोठ्याच्या भिंतीवर त्या पुराची ऑइल पेंटची रेघ आहे. ती गुडघ्याला लागते.

मग मला कळलं की त्याआधीच्या पावसाळ्यांत हे कुणाच्या लक्षात का आलं नाही. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, तिथे पॉइंट सहा टाकलं तरी थोडाच फरक पडतो. नऊ इंचांपर्यंत चूक पोटात राहते आणि अंदाज बरोबरच्या आसपास येतो. दहा आणि अकरा इंचांनाच सगळं उलटं होतं. नेमकी ती संध्याकाळ दहा इंचांवर येऊन थांबली होती.

"म्हणजे गणित खोटं नव्हतं," सर म्हणाले. मग म्हणाले, "मी होतो." मला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, पण सर उठून छत्री शोधायला लागले होते.

आक्का पत्र्याखाली म्हशीची धार काढत होत्या. सर रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी मागे छत्री धरून. सरांनी काही प्रस्तावना केली नाही. म्हणाले, "आक्का, त्या पुराला गणित बरोबर होतं. आकडा मी चुकीचा टाकला. तुमचं रेडकू माझ्या हातानं गेलं."

आक्कांनी धार थांबवली नाही. "रेडकू गेलं ते गेलं. त्येला किती वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "येवढं सांगाय पावसातनं आलासा व्हय?"

"तुम्ही सगळ्यांनी विचारायचं बंद केलंत. बरोबरच होतं तुमचं."

आता आक्कांनी हात थांबवले आणि वर बघितलं. "आमी बंद केलं? आवो सर, फुडच्या पावसाळ्याला मी तुमच्या दारात आल्ते की. तुमी म्हनलासा, मला कळत न्हाय, मला इचारू नगा. आनि खिडकी लावून घेतलासा. मानूस सोता म्हनतोय कळत न्हाय, मग त्येला किती डागायचं? आमी आपलं म्हनलं, सरांच्या जिवाला लागलंय, गप बसू या."

मी छत्री सरांच्या डोक्यावर धरली होती, तरी त्यांचा चेहरा ओला झाला होता. गल्लीला वाटत होतं आपण सरांना जपतोय, सरांना वाटत होतं गल्लीनं आपल्याला टाकलंय, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम बारा फुटांचा रस्ता होता.

"मग सांगा की," आक्का परत धार काढत म्हणाल्या. "उद्या किती येतंय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी धावत घरात गेले. आजच्या नोंदी बारानं भागून नीट घातल्या, 'पूर'ला हाक मारली आणि पावसात परत येऊन सांगितलं, "त्रेचाळीस पॉइंट पंचवीस."

"त्रेचाळीस फूट तीन इंच," सर लगेच म्हणाले. "गोठ्याला लागत नाही, आक्का. तरी म्हशी तालमीकडं नेऊन बांधा."

"लागत न्हाय म्हंतासा, आनि न्या बी म्हंतासा?"

"गणित बरोबर आहे," सर म्हणाले. "पण हात माझाच आहे की."

आक्का मोठ्यानं हसल्या, आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असं ओरडून त्यांनी पोराला दोरखंड आणायला सांगितलं.

सरांच्या टेबलाशी परत येऊन मी पायथनमधल्या पातळी विचारणाऱ्या दोन ओळी बदलून टाकल्या आणि लॅपटॉप तिथेच ठेवून घरी आले. आता पायथन पातळी एका आकड्यात घेतच नाही. फूट वेगळे विचारतं, इंच वेगळे विचारतं आणि भागाकार स्वतः करतं. आतल्या 'पूर'ला मी हातही लावलेला नाही, लावता येतही नाही. सरांनी त्याला जसा घडवला तसाच तो आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी सरांकडे गेले. सकाळी बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट दोन इंच होते. सरांची खिडकी सताड उघडी होती. आतून पाच-सहा माणसांचा गलका ऐकू येत होता आणि त्यावरून सरांचा आवाज, "एकेक करून बोला, मला इंच नीट ऐकू येऊ देत." दारात ओल्या चपलांचा ढीग पडला होता. माझ्या चपला काढायला जागाच नव्हती, म्हणून मी त्या हातात धरूनच आत गेले.